पदकापलीकडचे सहकार्य

भेडाघाटला धुवांधारच्या कठड्याशी उभे राहिले की शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही. खाली नर्मदा फेसाळत कोसळते आणि पुढे संगमरवरी कड्यांच्या अरुंद घळीत शिरून एकाएकी शांत होते. यमके जुळवत कड्यांचे वर्णन करणारे नावाडी प्रवाशांना हसवत असतात. भेडाघाट-लमेटाघाटचा हा परिसर २०२१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत दाखल झाला. एवढे पाणी डोळ्यांसमोर असताना याच खोऱ्यात कोणी पाण्यानेच पंगू होत असेल, ही कल्पना मनाला शिवत नाही.

परंतु वस्तुस्थिती तशीच आहे. नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या मंडला जिल्ह्यातील काही गावांच्या भूजलात फ्लोराइडचे प्रमाण घातक आहे. तिलईपानीसारख्या आदिवासी गावात मुलांचे गुडघे आत वळू लागले, तेव्हा जबलपूरच्या आदिवासी आरोग्य संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी त्याचा माग काढला. दोष पिण्याच्या पाण्यात होता. भारतीय मानकानुसार लिटरमागे १ मिलिग्रॅम फ्लोराइड स्वीकारार्ह, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घ्यावे, असे आहे. त्याहून अधिक फ्लोराइड वर्षानुवर्षे पोटात गेले की आधी दातांवर डाग पडतात, मग हाडे वाकतात. पाण्याला रंग नसतो, वास नसतो. आमच्या यवतमाळ-चंद्रपूरकडील वाचकांना हे नव्याने सांगण्याची गरज नाही.

संश्लेषित जीवशास्त्रातील विद्यार्थी-प्रकल्पांविषयी मी लिहू लागतो, तेव्हा ही वाकलेली हाडे माझ्या डोळ्यांसमोर असतात. अमेरिकेतील एमआयटीमध्ये २००३ साली एका अभ्यासक्रमातून सुरू झालेला 'आयजेम' हा उपक्रम २००४ मध्ये पाच संघांची स्पर्धा बनला. आज जगभरातील तीनशेहून अधिक संघ त्यात उतरतात, भारतीय संघही त्यांत असतात. जनुकांचे तुकडे यंत्राच्या सुट्या भागांसारखे जोडून जीवाणूंकडून उपयुक्त काम करून घ्यायचे, ही त्यामागची कल्पना. पाणी हा या विद्यार्थ्यांचा आवडता विषय आहे. इतर संघांशी केलेले सहकार्यही दीर्घकाळ पदकांच्या निकषांत मोजले जाई.

मात्र सहकार्य कोणाशी, हा खरा प्रश्न आहे. एडिंबरा विद्यापीठाच्या संघाने २००६ मध्ये आर्सेनिक ओळखणारा जीवाणू घडवला. पाण्यात आर्सेनिक असले की तो दुग्धशर्करा पचवून आम्ल तयार करी, आणि आम्लतेतील तो बदल साध्या दर्शकाने कळे. कल्पना बंगालच्या खोऱ्यातील कोट्यवधी लोकांच्या गरजेतून सुचलेली होती. पुढे इतर विद्यापीठांतील शास्त्रज्ञ या कामात आले, नेपाळमधील परिस्थितीचा अभ्यास झाला. पण जनुकीय बदल केलेला जिवंत जीव प्रयोगशाळेबाहेर न्यायचा, तर परवानगी कोण देणार, येथे गाडी अडली. विद्यार्थ्यांचे विज्ञान कमी पडले नव्हते. विहिरीपर्यंतच्या वाटेवर लागणारे सोबती मात्र आरंभापासून त्यांच्यासोबत नव्हते.

फ्लोराइडच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. सांडपाण्यातील सेंद्रिय घाण जीवाणू खाऊन टाकू शकतात. फ्लोराइड हे मूलद्रव्याचे आयन असल्याने त्याचे विघटन होत नाही. ते पकडून पाण्याबाहेर काढावेच लागते. उलट बहुतेक जीवाणूंची स्वाभाविक धडपड ते पेशीबाहेर हाकलण्याची असते. म्हणून 'पाणी शुद्ध करणारा जीवाणू' या आकर्षक घोषणेपेक्षा 'पाणी ओळखणारी चाचणी' हे उद्दिष्ट आज अधिक प्रामाणिक ठरते. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात फ्लोराइड जाणणारा जीवाणूंचा आरएनए वापरला आणि कोस्टा रिकात प्रत्यक्ष पाण्यावर त्याची परीक्षा केली. त्यात जिवंत पेशीच नव्हती, पेशीतील द्रव्ये तेवढी सुकवून नळीत ठेवलेली. त्यांनी गाठलेली मर्यादा लिटरमागे २ मिलिग्रॅमची होती. आपल्या १.५ मिलिग्रॅमच्या निकषाला ती अपुरी आहे, आणि भारतीय विद्यार्थ्यांनी हाती घ्यावे असे काम नेमके येथेच आहे.

शुद्धीकरणाची वाट तर आपल्याकडे जुनी आहे. नागपूरच्या 'नीरी'ने सत्तरच्या दशकात तुरटी आणि चुना वापरणारे नालगोंडा तंत्र विकसित केले. ते स्वस्त आहे. पण मात्रा रोज अचूक पडावी लागते, उरलेल्या गाळाची विल्हेवाट लावावी लागते, आणि ही निगा राखणारे कोणी नसले की टाकी निकामी होते. तंत्र टिकते की नाही, हे ते चालवणाऱ्या माणसांवर ठरते.

म्हणून माझी सूचना अशी. जबलपूर, भोपाळ, पुणे वा नागपूर येथील विद्यार्थी-संघांनी दुसऱ्या संघाशी केलेल्या सहकार्याइतकेच महत्त्व गावाशी केलेल्या सहकार्याला द्यावे. १५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना पाणी-चाचणीचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. या महिला केवळ लाभार्थी नव्हेत, त्या प्रकल्पाच्या सहकारी असाव्यात. कोणता रंग उन्हात नीट दिसतो, नळी किती दिवस टिकते, निकाल वाईट आला तर लोक कोणत्या विहिरीवर जातात, हे त्याच सांगू शकतील. आदिवासी आरोग्याचा अनुभव जबलपुरातच आहे, गाळणीचा अनुभव नागपुरात.

शासनाचेही एक कर्तव्य उरते. पर्यावरण संरक्षण कायद्याखालील १९८९ च्या नियमांत जनुकीय परिवर्तित जीवांसाठी समित्यांची उतरंड आहे आणि ती असावीच. परंतु ज्या चाचणीत जिवंत जीवच नाही, तिला कोणता नियम लागू, हे विद्यार्थ्याला पहिल्याच महिन्यात स्पष्ट कळले पाहिजे. ऑगस्ट २०२४ मध्ये मंजूर झालेल्या 'बायोई३' धोरणाने जैवउत्पादनाला चालना देण्याचे ठरवले आहे. त्यात अशा छोट्या, सार्वजनिक उपयोगाच्या साधनांना जागा मिळावी. स्पर्धा संपल्यावर आणखी दोन वर्षे पुरेल इतका अल्प निधी आणि एक मार्गदर्शक, एवढ्यानेही पुष्कळ साधेल. कारण पदवी मिळताच संघ पांगतो आणि सुकवलेली नळी शीतकपाटात राहते.

भेडाघाटहून परतताना नावाड्याने मला नदीचे पाणी ओंजळीत घेऊन दाखवले. ते नितळ होते. मंडल्याच्या हातपंपातून येणारे पाणीही असेच नितळ दिसते. त्या दोहोंतला फरक तेथील आईला घरच्या घरी कळेल, तेव्हाच हे सहकार्य पूर्ण झाले असे म्हणता येईल.