फ्लायव्हील : फेसिंग करावे की नवे घ्यावे?

भाजीच्या जाळ्या भरून बाजाराला निघालेली गाडी चढाला लागते, इंजिनाचा आवाज वाढतो, पण गाडी काही पुढे रेटत नाही. जळका वास येतो. क्लच प्लेट गेली, हे आता घरातल्या पोरांनाही कळते. मिस्त्री गिअरबॉक्स उतरवतो आणि नवी प्लेट आणायला सांगतो. पण ती प्लेट ज्यावर दाबली जाते, त्या फ्लायव्हीलचे काय?

फ्लायव्हील म्हणजे इंजिनाच्या मागच्या टोकाला आवळलेली बिडाची जड चकती. तिच्यावर चरे असताना तशीच नवी प्लेट बसवली, तर गाडी उचलताना थरथरते आणि प्लेट लवकर झिजते. मग पुन्हा गिअरबॉक्स उतरवा, पुन्हा मजुरी मोजा! म्हणून तो खाली असतानाच चकती पुसून स्वतः पाहावी.

चरे उथळ असतील तर फेसिंग करणेच शहाणपणाचे. नव्यापेक्षा खर्च पुष्कळ कमी. निळे डाग मात्र जास्त तापून कडक झालेले असतात. लेथचे हत्यार त्यांवरून उडते व उंचवटा राहतो. तेथे ग्राइंडिंग करून घ्यावे. काही चकत्यांना पायरी असते. प्लेट घासते तेवढाच भाग उतरवला तर प्रेशर प्लेटची पकड ढिली पडते. तिची बैठकही तेवढीच उतरवायला सांगावे.

कडेचे दात झिजले म्हणून अख्खे फ्लायव्हील टाकणे हा उधळेपणा झाला. दातांची कडी बहुधा वेगळी असते व तापवून चढवतात. बैलगाडीच्या चाकावर लोहार धाव चढवतो, तीच रीत!

मात्र खोल तडा असेल, किंवा जाडी कंपनीच्या किमान मापाखाली जात असेल, तर लोभ नको. मिनिटाला ३००० फेरे घेणारे बीड फुटले तर तुकडे कवच फोडून माणसापर्यंत येतात. तेथे नवेच घ्यावे.

अलीकडच्या पुष्कळ डिझेल मोटारींत दोन चकत्या व मध्ये स्प्रिंगा असलेले फ्लायव्हील असते. त्याला सहसा फेसिंग करत नाहीत. खुळखुळ वाजू लागले की बदलायचे. त्याची किंमत घरात सांगताना जरा बेतानेच सांगावी!

जुने असो वा नवे, मागच्या ऑइल सीलपाशी ओल दिसली तर सील त्याच वेळी बदलावे. एकदा तेल प्यालेली प्लेट धुऊन नीट होत नाही.