‘तिकिटं तू बघ’ म्हटल्यावर

फॅमिली ग्रुपवर ‘मे महिन्यात काश्मीर?’ असा मेसेज पडतो. काका थम्सअप टाकतात, आत्या लगेच शालींच्या भावाचा विषय काढते आणि दोन दिवसांनी जेवताना बाबा तुमच्याकडे बघून म्हणतात, ‘तिकिटं तू बघ.’ घरात कॉलेजला जाणारं कुणी असलं की हे खातं आपोआप त्याच्या गळ्यात पडतं. अ‍ॅप तुमच्या फोनमध्ये, ओटीपी बाबांच्या फोनवर आणि पैसे आईने वर्षभर बाजूला टाकलेले. म्हणजे तुम्ही दाबणार असलेल्या त्या एका बटणावर बरंच काही अवलंबून आहे.

अ‍ॅप उघडलं की पहिलं काम आपण काय करतो? ‘स्वस्त आधी’ अशी यादी लावतो. मुंबई–श्रीनगर टाकलं की वर दिल्लीमार्गे जाणारी विमानं दिसतात आणि थेट जाणारं तीन तासांचं विमान खाली कुठे तरी असतं. कधी थेट विमानच स्वस्त निघतं, तेव्हा प्रश्नच मिटला. पण सुट्ट्यांच्या दिवसांत बऱ्याचदा मधे थांबणारं स्वस्त पडतं. थांबून जाणारं विमान जास्त इंधन जाळतं, दोन विमानतळांऐवजी तीन वापरतं, तरी स्वस्त कसं? कारण तिकिटाचा भाव किलोमीटरवर ठरत नाही, मागणीवर ठरतो. थेट विमानाला गर्दी असते, वेळ वाचवायला लोक जादा पैसे मोजतात. दिल्लीमार्गे जाणाऱ्याला थोडं स्वस्त दिलं नाही तर तो येणारच नाही आणि त्या सीट्स रिकाम्या जातील. थोडक्यात, तुम्हाला मिळणारी सूट ही तुमच्या वेळेची आणि दगदगीची किंमत आहे. ती पुरेशी आहे का, एवढंच तपासायचं.

त्याआधी एक शब्द नीट समजून घ्या. आपण ज्याला ‘डायरेक्ट’ म्हणतो त्याला विमान कंपन्यांच्या भाषेत ‘नॉनस्टॉप’ म्हणतात. त्यांच्या ‘डायरेक्ट’मध्ये विमान मधे एखाद्या शहरात उतरू शकतं, फ्लाइट नंबर तोच राहतो आणि बहुतेक वेळा तुम्ही सीटवरच बसून राहता. त्यामुळे फिल्टर लावताना ‘नॉनस्टॉप’ किंवा ‘शून्य थांबे’ हेच निवडा.

आता हिशोब. समजा, थेट विमान माणशी ९,५०० रुपये आणि दिल्लीमार्गे ७,०००. फरक २,५००. घरातली पाच माणसं, म्हणजे एका बाजूने १२,५०० रुपये वाचले. छान. आता दिल्लीला चार तास काढायचे तर पाच जणांचं खाणं आलं. विमानतळावरचा चहा कितीला पडतो हे माहीत असलेल्यांना सांगायला नको, तरी माणशी ३५० धरू, म्हणजे १,७५०. दोन विमानं म्हणजे सीट निवडण्याचे पैसेही दोनदा. आजीला आईच्या शेजारी बसायचं असतं, तुम्हाला खिडकी हवी असते. दुसऱ्या विमानाचे माणशी २५० धरले तर १,२५०. झाले ३,०००. उरले ९,५००. आता ही रक्कम पाच माणसं गुणिले जादाचे चार तास, म्हणजे २० तासांनी भागा. तासाला माणशी ४७५ रुपये. आकडे सगळे ‘समजा’चे आहेत, पण भागाकार खरा आहे आणि तुमच्या तारखांचे खरे भाव घालून तो दोन मिनिटांत करता येतो.

हा आकडा मला फार आवडतो, कारण तो माणसागणिक वेगळा दिसतो. तुम्ही आणि तुमचे तीन मित्र असाल तर चार तास चार्जिंग पॉइंटपाशी बसून रील्स बघायचे तासाला ४७५ रुपये मिळतायत. घ्या! सत्तरीची आजी, सहा वर्षांचा चुलतभाऊ आणि पाठदुखी असलेले बाबा असतील तर तेच ४७५ फार कमी वाटायला लागतात. आमच्या घरी या विषयावर आजीच्या गुडघ्यांचं मत शेवटचं मानलं जातं. पण उलटी बाजूही आहे. साडेनऊ हजार म्हणजे एखाद्या घरासाठी हाउसबोटीतली जादाची रात्र असते, किंवा ट्रिप होणार की रद्द होणार यातला फरक असतो. तिथे थांबून जाणंच योग्य, आणि त्यात कमीपणा काही नाही.

एक पीएनआर की दोन?

खरा धोका मात्र थांब्यात नाही, तो दुसरीकडे लपलेला असतो. अ‍ॅपवर दोन तिकिटं अगदी सारखी दिसतात. दोन्ही दिल्लीमार्गे, दोन्ही सात तासांची. पण एका प्रकारात मुंबई–दिल्ली आणि दिल्ली–श्रीनगर ही एकाच बुकिंगवरची, एकाच पीएनआरची विमानं असतात. दुसऱ्यात दोन वेगळ्या कंपन्यांची दोन स्वतंत्र तिकिटं शेजारी शेजारी मांडून तुम्हाला एकत्र विकलेली असतात. कुठे तरी बारीक अक्षरांत ‘सेल्फ ट्रान्सफर’ लिहिलेलं असतं. काही जण स्वतःच दोन अ‍ॅपवरून दोन स्वस्त तिकिटं जुळवतात आणि आपण सिस्टीमला हरवलं म्हणून खूश होतात.

एकाच पीएनआरवर साधारणपणे तुमची बॅग मुंबईला दिली की थेट श्रीनगरला मिळते. बॅगेच्या टॅगवर एसएक्सआर हा श्रीनगरचा कोड आहे ना, एवढं काउंटरवर बघून घ्या. पहिलं विमान उशिरा पोहोचल्यामुळे दुसरं चुकलं तर तुम्हाला पुढे पोहोचवण्याची जबाबदारी कंपनीची.

दोन वेगळ्या तिकिटांवर चित्र पूर्ण बदलतं. दिल्लीला उतरायचं, पट्ट्यापाशी बॅगांची वाट बघायची, पाचही जणांनी बाहेर पडायचं, पुन्हा आत शिरायचं, बॅगा पुन्हा जमा करायच्या, पुन्हा सिक्युरिटी. देशांतर्गत विमानाचं बॅगेचं काउंटर साधारण तासभर आधी बंद होतं. म्हणजे कागदावर अडीच तासांचं अंतर असलं तरी हातात दीडच तास. त्यातली अर्धा-पाऊण तास विमानातून उतरण्यात आणि पट्ट्यापाशी जातो. आणि पहिलं विमान तासभर उशिरा सुटलं तर? दुसऱ्या कंपनीच्या नोंदीत तुम्ही फक्त ‘न आलेले प्रवासी’. तिकीट जवळपास वाया गेलं. हातात येतील ते कर आणि विमानतळाची शुल्कं, कारण ती परत करावीच लागतात असा डीजीसीएचा नियम आहे. आणि त्याच दिवसाची पाच नवी तिकिटं कितीला मिळतात, ते एकदा गंमत म्हणून अ‍ॅपवर उद्याची तारीख टाकून बघा.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. घरच्यांसोबत जाताना यादीतून हा दुसरा प्रकार सरळ वगळा. थेट विमान आणि एका पीएनआरचं थांबून जाणारं विमान, तुलना फक्त या दोघांत करा. सेल्फ ट्रान्सफरची मजा एकट्याने, पाठीवर एक सॅक घेऊन जाताना करायची.

डीजीसीएचे आणखी काही नियम मोबाइलमध्ये लिहून ठेवा. अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाचं विमान दोन तासांहून जास्त उशिरा सुटणार असेल तर कंपनीने खाण्या-पिण्याची सोय करायची असते. अडीच ते पाच तासांच्या प्रवासासाठी हीच मर्यादा तीन तासांची आहे. सहा तासांहून जास्त उशीर होणार असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा, यातला पर्याय द्यावा लागतो. धुकं किंवा वादळामुळे उशीर झाला तर भरपाईची रक्कम मिळत नाही, पण म्हणून खाण्याची सोय चुकत नाही. काउंटरवर आवाज चढवण्यापेक्षा नियम नम्रपणे सांगितला तर काम लवकर होतं. हे काम घरातल्या इंग्रजी-हिंदी फाडफाड बोलणाऱ्या तरुण माणसाकडेच येतं, म्हणून सांगतेय.

कोड बघा, शहर नाही

पूर्वी ‘मुंबई’ लिहिलं की काम भागायचं. आता डिसेंबर २०२५पासून नवी मुंबईहूनही विमानं सुटतात. जुन्याचा कोड बीओएम, नव्याचा एनएमआय. जुन्या विमानतळावरही टी-१ विलेपार्ल्याच्या बाजूला आणि टी-२ सहारला. गोव्यात दाबोळी आणि मोपा म्हणजे राज्याची दोन टोकं. बंगळुरूला आणि दिल्लीला टर्मिनल बदलायचं तर बस पकडावी लागते. परदेशी निघालात तर बँकॉकलाही दोन विमानतळ आहेत, सुवर्णभूमी आणि डॉन मुआंग. थांबा निवडताना उतरायचं आणि पुन्हा चढायचं ठिकाण एकच आहे का, हे कोडवरून तपासा. आणि परदेशातून दिल्लीमार्गे पुण्याला परतत असाल तर साधारणपणे इमिग्रेशन, कस्टम्स आणि बॅगा उचलणं हे सगळं दिल्लीलाच होतं. तिथे दीड तासाचा थांबा म्हणजे आईबाबांना पळवणं.

थांब्याचं शहर ऋतू बघूनही ठरवा. डिसेंबरच्या शेवटापासून जानेवारीभर दिल्लीची सकाळ धुक्याची, जुलैत मुंबईचं काही खरं नसतं. ख्रिसमसच्या सुट्टीत पहाटे दिल्लीत विमान बदलायचं असेल तर तो जुगार आहे. त्यापेक्षा दुपारचा थांबा घ्या. लेहच्या बाबतीत मात्र हात बांधलेले असतात. दुपारच्या वाऱ्यांमुळे तिथली विमानं मुख्यतः सकाळीच उतरतात, म्हणून आपल्याकडून जाणारे बरेच जण रात्री दिल्लीत येऊन पहाटेचं विमान धरतात.

पुणे, नाशिक, कोल्हापूरच्या वाचकांसाठी एक वेगळीच गंमत. ‘पुण्याहून थांबून जाण्यापेक्षा मुंबईहून थेट जाऊ’ असं घरात ठरतं आणि सगळ्यांना वाटतं आपण डायरेक्ट चाललोय. पण पुणे–मुंबई टॅक्सी हीसुद्धा एक कनेक्टिंग फ्लाइटच आहे आणि तिला पीएनआर नाही! बोरघाटात ट्रक उलटला तर विमान तुमच्यासाठी थांबणार नाही आणि पुढची सोयही कुणी करणार नाही. पाच माणसं, पाच बॅगा म्हणजे मोठी गाडी, टोल, पहाटेच्या विमानासाठी रात्री दीडला निघणं. हे सगळं भागाकारात धरा. कधी कधी लोहगावहून एका पीएनआरवर थांबून जाणंच सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत शांत निघतं. पुणेकरांना नवी मुंबई विमानतळ तुलनेने जवळ पडतो, तेव्हा तिथली थेट विमानंही बघून घ्या.

जाताना एक आणि येताना दुसरं, असंही करता येतं, हे बरेच जण विसरतात. मला विचाराल तर जाताना थेट, येताना थांबून. जाताना विमान चुकलं तर हॉटेलची रात्र, ठरवलेली गाडी, हाउसबोटीचं बुकिंग सगळं कोलमडतं. अंदमानला निघाला असाल तर हॅवलॉकची बोटही चुकते आणि ती बोट काही तुमच्यासाठी थांबत नाही. येताना उशीर झाला तर फार तर बाबांची एक रजा जाते. फक्त श्रीनगरहून परतताना वेळ भरपूर ठेवा, कारण तिथे विमानतळाच्या इमारतीच्या बऱ्याच आधी गाडीतून उतरून सगळं सामान तपासून घ्यावं लागतं आणि मग आत पुन्हा तपासणी असते.

आजी-आजोबांसाठी व्हीलचेअर मागायची असेल तर ती तिकीट काढतानाच नोंदवा, आणि थांबून जाणार असाल तर मधल्या विमानतळासाठीही नोंद आहे ना ते कंपनीला फोन करून विचारा. ‘मला काय धाड भरलीय, मी चालीन’ असं उत्तर येणारच. तरी नोंदवा. मोठ्या विमानतळावर एका गेटपासून दुसऱ्या गेटपर्यंत किती चालावं लागतं हे त्यांना तिथे गेल्यावरच कळतं. औषधांची पिशवी मोठ्या बॅगेत नको, हातातल्या सामानात हवी. मधे थांबून जाणाऱ्या प्रवासात तर हवीच.

काही कंपन्या विद्यार्थ्यांना आणि ज्येष्ठांना वेगळी सवलत देतात. ती मिळवायला घरचं बुकिंग दोन-तीन पीएनआरमध्ये फोडायचा मोह होतो. दोन-तीनशे रुपये वाचत असतील तर नका फोडू. विमान रद्द झालं तर वेगवेगळ्या पीएनआरची माणसं वेगवेगळ्या विमानांत टाकली जाऊ शकतात. डिसेंबर २०२५च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची विमानं मोठ्या संख्येने रद्द झाली तेव्हाची विमानतळांवरची गर्दी आपण सगळ्यांनी बातम्यांत पाहिलीय. तशा वेळी आई एका विमानात आणि आजी दुसऱ्यात, हे कुणाला परवडणारं नाही. घरात कुणी केंद्र सरकारी नोकरीत असेल आणि एलटीसी घेणार असेल तर मात्र अ‍ॅप बंद करा. ती तिकिटं सरकारने ठरवून दिलेल्या एजंटांकडूनच काढावी लागतात, नाहीतर पैसे मिळताना अडचण येते.

आणि हो, पैसे भरण्याआधी सगळ्यांचे आधार कार्डांचे फोटो ग्रुपवर नाही, तुमच्या पर्सनल नंबरवर मागवा आणि नावं अक्षर न् अक्षर जुळवा. काकांना अख्खं गाव बाळासाहेब म्हणत असलं तरी आधारवर ते दत्तात्रय असू शकतात.