बारा चित्रांत उगवलेला कांदा: मुलांना घरच्या घरी ॲनिमेशन कसं शिकवावं?

नेवासा तालुक्यातलं आमचं घोडेगाव दोन गोष्टींसाठी ओळखलं जातं. एक जनावरांचा बाजार आणि दुसरा कांद्याचा. त्यामुळे वर्गात कोणताही विषय काढा, तो फिरून कांद्यावर येतोच. गेल्या वर्षी आम्ही मुलांना संगणकावर हलती चित्रं, म्हणजे ॲनिमेशन करायला शिकवत होतो. विषय दिला होता, 'बी कसं उगवतं'. सातवीतल्या एका मुलीने कांद्याचं रोप निवडलं. मातीतून एक हिरवी काडी निघते आणि सरळ वर जाते, असं तिने दाखवलं. आम्हीही शाबासकी दिली.

तिचे अब्बा या संगणकाच्या तासावर नाराज होते. "सर, पोरगी अभ्यास सोडून कार्टून काढत बसते," अशी त्यांची तक्रार होती. पुढच्या वर्षी तिचं नाव या तासातून काढायचं, असंही ते बोलून गेले होते. आम्ही त्यांना शाळेत बोलावून ते चलचित्र दाखवलं. त्यांनी दोनदा पाहिलं आणि मुलीला म्हणाले, "बेटा, प्याज सीधा नहीं निकलता. पहले झुक के निकलता है."

आम्ही गप्प झालो. बी.एड. करून इतकी वर्षं विज्ञान शिकवतोय, पण कांद्याचं रोप कमान करून, वाकून बाहेर येतं हे आम्ही कधी नीट पाहिलंच नव्हतं. हा लेख त्या एका वाक्यामुळे लिहितो आहोत. ॲनिमेशन म्हणजे टाइमपास नाही, ती नीट बघण्याची तालीम आहे. त्यासाठी पैसा, इंटरनेट, महागडा संगणक यांपैकी फारसं काही लागत नाही.

हलणारं चित्र हलत नसतं

पडद्यावर जे हलताना दिसतं, ती खरं तर एकामागून एक दाखवलेली स्थिर चित्रं असतात. प्रत्येक चित्रात थोडासा फरक असतो. ती भराभर पुढे सरकली की आपल्याला हालचाल दिसते. अशा एका चित्राला 'फ्रेम' म्हणतात. सिनेमात एका सेकंदाला २४ फ्रेम असतात. हाताने काढलेल्या कार्टूनमध्ये बहुधा एकच चित्र दोन फ्रेम ठेवतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं पुरतात. शाळेच्या कामाला सेकंदाला ४ चित्रंसुद्धा चालतात. १२ चित्रं काढली की ३ सेकंदांचं चलचित्र तयार.

हे तंत्र आपल्या मातीत नवं नाही. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांना १९१२ साली सिनेमा काढायचा होता, पण भांडवल द्यायला कोणी तयार नव्हतं. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला आणि रोप वाढत गेलं तसतशी थोडी थोडी फिल्म घेत राहिले. बऱ्याच दिवसांची वाढ मिनिटभरात पडद्यावर दिसली. लोक थक्क झाले आणि भांडवलाची सोय झाली. पुढे ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला. म्हणजे आपल्याकडच्या सिनेमाची सुरुवातच एका रोपाच्या फ्रेम बाय फ्रेम चित्रणाने झाली म्हणायची.

आमच्या वयाच्या वाचकांना दूरदर्शनवरचं 'एक अनेक और एकता' आठवत असेल. विजया मुळे यांनी दिग्दर्शित केलेलं हे चलचित्र १९७४ सालचं. कार्टूनमधून शिकवता येतं, हे तेव्हाच आपल्या घराघरांत पोहोचलं होतं.

व्हेक्टर म्हणजे काय?

मोबाईलचा फोटो खूप मोठा करून पाहिला की चौकोनी ठिपके दिसतात. व्हेक्टर चित्र ठिपक्यांचं नसतं. त्यात बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा यांचा हिशेब साठवलेला असतो. म्हणून ते कितीही मोठं केलं तरी फाटत नाही.

ॲनिमेशनसाठी याचा खरा फायदा वेगळाच आहे. कागदावर १२ चित्रं काढायची तर १२ वेळा सगळं नव्याने काढावं लागतं. व्हेक्टरमध्ये पहिलं चित्र काढायचं, त्याची नक्कल करायची आणि फक्त एक-दोन बिंदू सरकवायचे. ज्या मुलांना 'आपला हात चांगला नाही' असं वाटतं, त्यांनाही हे जमतं.

यासाठी आम्ही 'इंकस्केप' नावाचं सॉफ्टवेअर वापरतो. २००३ पासून जगभरातले स्वयंसेवक ते तयार करत आले आहेत. ते पूर्णपणे मोफत आहे, कायदेशीर मोफत. चोरीची कॉपी टाकायची वेळच येत नाही आणि हलाल-हरामचा प्रश्नही उरत नाही. एकदा पेन ड्राइव्हवर आणून टाकलं की इंटरनेटशिवाय चालतं. विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालतं.

आता प्रत्यक्ष काम

१. इंकस्केप उघडा. 'फाईल' मेनूतल्या 'डॉक्युमेंट प्रॉपर्टीज'मध्ये पानाचा आकार ८०० बाय ६०० पिक्सेल ठेवा.

२. 'लेयर' म्हणजे थर. पारदर्शक कागद एकावर एक ठेवावेत तसे हे थर असतात. सगळ्यात खालच्या थराला 'पार्श्वभूमी' नाव द्या. त्यात पानाएवढा एक आकाशी चौकोन काढा आणि खाली मातीची पट्टी. झालं की या थराला कुलूप लावा, म्हणजे चुकून हलणार नाही.

३. वर नवा थर घ्या, त्याला '०१' नाव द्या. कळफलकावर 'बी' दाबलं की पेनचं साधन येतं. मातीजवळ क्लिक करत छोटा अंकुर काढा. 'एन' दाबलं की बिंदू सरकवायचं साधन येतं. बिंदू ओढून अंकुराला हवा तसा बाक द्या.

४. 'लेयर' मेनूतून या थराची नक्कल करा, नाव '०२'. आता ०२ मधले बिंदू थोडेसेच सरकवा. असं करत १२ पर्यंत जा.

इथे एक गंमत आहे. आधीचं चित्र कुठे होतं हे दिसलं नाही तर पुढचं चित्र भलतीकडे जातं. म्हणून जुन्या काळी कार्टूनवाले पातळ, आरपार दिसणारा कागद वापरायचे. खालचं चित्र त्यातून अंधूक दिसायचं. त्या पातळ कागदाला इंग्रजीत कांद्याच्या सालीचं नाव आहे आणि या युक्तीला आजही 'अनियन स्किन' म्हणतात. हे सांगितलं तेव्हा आमचा वर्ग हसून लोळला. घोडेगावच्या पोरांना यापेक्षा सोपा शब्द कोणता? इंकस्केपमध्ये आधीच्या थराची अपारदर्शकता, म्हणजे 'ओपॅसिटी', ३० टक्क्यांवर आणा. झालं कांद्याचं साल. काम संपल्यावर ती परत १०० करायला विसरू नका.

५. आता पार्श्वभूमी आणि फक्त ०१ हा थर चालू ठेवा, बाकीच्यांचे डोळे बंद करा. 'एक्सपोर्ट'मधून पूर्ण पान पीएनजी म्हणून काढा. मग ०२, मग ०३. फाईलची नावं दोन अंकीच द्या. नाहीतर काही ठिकाणी १० हा २ च्या आधी जाऊन बसतो आणि रोप मध्येच मोठं होऊन परत लहान होतं.

६. सगळी चित्रं जोडायला 'गिम्प' हे दुसरं मोफत सॉफ्टवेअर घ्या. त्यात 'ओपन ॲज लेयर्स' करून बाराही फाईल एकदम निवडा. 'फिल्टर्स' मेनूतल्या 'ॲनिमेशन'मध्ये 'प्लेबॅक' आहे, तिथे आधी चालवून बघा. मग 'एक्सपोर्ट ॲज'मध्ये नावाच्या शेवटी 'जिफ' विस्तार द्या, 'ॲज ॲनिमेशन'वर खूण करा आणि प्रत्येक चित्राला २५० मिलिसेकंद वेळ द्या. हीच वेळ सगळ्या फ्रेमना लावायची खूणही करा. जिफ फाईल तुमच्यासमोर!

आमची पहिली फसगत इथेच झाली. आम्ही पार्श्वभूमीचा चौकोन काढलाच नव्हता. पान पांढरं दिसतं म्हणून ते पांढरंच आहे असं वाटलं. प्रत्यक्षात ते पारदर्शक होतं. त्यामुळे जुनी रोपं पुसली न जाता एकावर एक साचत गेली आणि शेवटी मातीतून बारा काड्यांचा झाडू उगवला. मुलं म्हणाली, "सर, हे तर भूत!" तेव्हापासून पार्श्वभूमी हा आमचा पहिला नियम.

वेग कसा ठरतो?

दोन चित्रांमधला फरक कमी असेल तर हालचाल सावकाश दिसते. फरक जास्त असेल तर झपाट्याने. सगळे फरक सारखे ठेवले तर रोप यंत्रासारखं वर सरकतं, जिवंत वाटत नाही. म्हणून सुरुवातीला नुसत्या मातीची दोन-तीन चित्रं ठेवा. बघणाऱ्याला थोडी वाट पाहू द्या. शेवटचं चित्रही तीन-चार वेळा ठेवा, म्हणजे नजर टिकते.

इंकस्केपमध्ये 'इंटरपोलेट' नावाची एक सोय आहे. पहिला आणि शेवटचा आकार दिला की मधले आकार संगणकच काढून देतो. पण पहिल्या धड्यात आम्ही ती वापरू देत नाही. कारण? लहान काडी आणि मोठी काडी दिली की संगणक मध्ये सरळ वाढणारी काडीच काढणार. कांदा वाकून निघतो हे त्याला ठाऊक नाही. ते फक्त ज्याने वाफ्यावर बसून पाहिलंय त्यालाच ठाऊक असतं.

"पण चित्रं काढणं चालतं का?"

हा प्रश्न काही पालक आम्हाला हळूच विचारतात. प्रश्न प्रामाणिक आहे, त्याला हसू नये. सजीवांच्या चित्रांबद्दल उलमांची वेगवेगळी मतं आहेत, आणि ज्याने त्याने आपल्या भरवशाच्या आलिमांना विचारून ठरवावं. आम्ही शिक्षक आहोत, फतवा देणारे नाही. मात्र झाडंझुडपं आणि निर्जीव वस्तूंच्या चित्रांना बहुतेकांची हरकत नसते. आमचे सगळे पहिले धडे याच हद्दीत बसतात, आणि त्यात शिकण्यासारखं भरपूर आहे.

उदाहरणार्थ, उर्दूचं अक्षर. मराठी माध्यमातल्या आपल्या कितीतरी मुलांना दादीची उर्दू किताब वाचता येत नाही. 'बे' हे अक्षर उजवीकडून सुरू होऊन होडीसारखं डावीकडे जातं आणि नुक्ता शेवटी लागतो. दहा चित्रांत ही रेघ वाढत नेली आणि अकराव्यात नुक्ता टाकला, की लिहायची पद्धत डोळ्यांत बसते. धाकट्या भावंडांसाठी याहून चांगली भेट नाही.

किंवा चंद्र. रमजानचा चाँद बघायला सगळं घर गच्चीवर जातं, पण तो वाढतो कसा हे किती जणांना काढता येईल? बहुतेक मुलं पांढऱ्या गोलावरून काळा गोल सरकवतात. ते ग्रहण झालं! चंद्रकोरीची दोन्ही टोकं जागची हलत नाहीत. फक्त आतली कड सरकते, आधी सरळ होते, मग बाहेर फुगते. हे व्हेक्टरमध्ये एका बिंदूने करता येतं. पण त्याआधी चौदा रात्री वर बघावं लागतं.

त्या मुलीचं पुढे काय झालं?

तिने चहाच्या कागदी कपात माती भरली आणि कांद्याचं काळं बी पेरलं. काही दिवस काहीच दिसेना. मग एका सकाळी मातीतून हिरवी कमान वर आली, दोन्ही टोकं मातीतच. रोज ती वहीत काढत गेली. पुढे कमानीचं एक टोक सुटलं, काळं टरफल डोक्यावर घेऊन वर आलं आणि रोप हळूहळू सरळ झालं. तिने बाराही चित्रं नव्याने केली. कुठे वाकायचं, कुठे थांबायचं, हे ती रोज संध्याकाळी अब्बांना विचारायची.

शाळेच्या प्रदर्शनात ते चलचित्र लावलं तेव्हा तिचे अब्बा तिथेच उभे होते. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "बघा, आता बरोबर निघतोय." तासातून नाव काढायची गोष्ट परत निघाली नाही.

आपल्या घरांत मोबाईलवरून रोज भांडण होतं. मुलांच्या हातातून तो हिसकावून काही साध्य होत नाही, हा आमचा अनुभव. त्याऐवजी या सुट्टीत त्यांना बारा चित्रांचं एक काम द्या. विषय तुमच्या कामाचा द्या: शिवणयंत्राची सुई, भट्टीवर फुगणारी रोटी, गॅरेजमधलं फिरणारं चाक. आणि मुलाने काढलेलं चुकलं तर रागावू नका. त्याच्याशेजारी बसा आणि खरं कसं होतं ते सांगा. ते सॉफ्टवेअरला सांगता येणार नाही, तुम्हालाच सांगावं लागेल.