पैनगंगेचे सागवान : मराठवाड्याच्या उंबरठ्यावरचे जंगल

नरसी नामदेव (जि. हिंगोली) : आषाढी वारी संपवून पंढरपूरहून परतलेला वारकरी परतवारी एकादशीला नरसीत येतो, तेव्हा गावाच्या कडेने वाहणारी कयाधू बहुधा गढूळ पाण्याने भरलेली असते. संत नामदेवांचे जन्मगाव म्हणून नरसीची ओळख महाराष्ट्राला आणि घुमानमुळे पंजाबलाही आहे. कयाधूचे हे पाणी पुढे कोठे जाते, याचा विचार मात्र क्वचितच केला जातो. वाशीम जिल्ह्यात उगम पावलेली ही नदी नरसी, हिंगोली, कळमनुरी असा प्रवास करीत नांदेड जिल्ह्यात पैनगंगेला मिळते आणि संगमाच्या खालच्या बाजूस पैनगंगा अभयारण्य लागते. मराठवाड्याला लागून असलेले सागवानाचे हे मोठे संरक्षित जंगल. माळरान आणि शेती यांचाच प्रदेश समजल्या जाणाऱ्या हिंगोलीचे या जंगलाशी असलेले नाते पाण्याचे आहे. गेल्या काही वर्षांत ते वाघाचेही असल्याचे सिद्ध झाले आहे.

नदीने वेढलेले रान

बुलढाणा जिल्ह्यात अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावणारी पैनगंगा सुमारे ६७६ किलोमीटर वाहून वर्धा नदीला मिळते. उमरखेडच्या पुढे नदी मोठी वळणे घेऊ लागते आणि या वळणांच्या कुशीत अभयारण्य वसले आहे. तीन बाजूंनी नदी आणि मधोमध जंगल, अशी ही रचना. १९८६ मध्ये जाहीर झालेल्या या अभयारण्याचे क्षेत्र सुमारे ३२५ चौरस किलोमीटर असून ते यवतमाळ आणि नांदेड या दोन जिल्ह्यांच्या सीमेवर पसरले आहे. खरबी, बिटरगाव, कोरट, सोनदाभी ही येथील वन विभागाच्या नकाशावरची नावे.

येथे मेळघाटासारखे उंच डोंगर नाहीत, खोल दऱ्याही नाहीत. बुटक्या टेकड्या, त्यांच्यामधून उतरणारे नाले आणि नदीकाठचे सखल पट्टे एवढाच भूगोल. प्रथमदर्शनी तो एकसुरी वाटतो. टेकडीवरून नदीकडे चालत गेल्यास मात्र प्रत्येक टप्प्यावर झाडे बदलत असल्याचे ध्यानात येते. माथ्यावरच्या उथळ, मुरमाड जमिनीत सालई आणि मोईन उभे असतात. उतारावर, जेथे पाणी मुरते पण साचत नाही, तेथे साग. सागाला पाय ओले ठेवलेले चालत नाहीत. काळ्या चिकण मातीच्या सखल पट्ट्यात तो खुरटतो आणि त्याची जागा पळस, बाभूळ घेतात. नाल्याकाठी अर्जुन, जांभूळ, करंज आणि उंबर यांची सावली असते. अवघ्या काही मीटरच्या चढउतारात घडणारा हा बदल हेच या जंगलाचे खरे वैशिष्ट्य आहे.

पैनगंगा ही केवळ नदी नव्हे, ती जुनी सरहद्दही आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून उत्तरेकडचा वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली होता, तर दक्षिण तीरावर निजामाचे राज्य होते. एकाच खोऱ्यातील जंगल दीर्घकाळ दोन राजवटींच्या वनखात्यांकडे राहिले. आजही विदर्भ आणि मराठवाडा यांच्यातील सीमा बऱ्याच अंतरापर्यंत याच पात्रातून जाते.

पानगळीचे वर्षभराचे गणित

शुष्क पानझडी जंगलाला शहरी पर्यटक बहुतेक वेळा चुकीच्या ऋतूत भेट देतो आणि 'सारे वाळून गेले आहे' असा निष्कर्ष काढून परततो. वस्तुतः वाळणे हीच या झाडांची जगण्याची रीत आहे. सागाचे पान ताटाएवढे रुंद असते. एवढ्या पृष्ठभागातून बाष्पीभवनाने निघून जाणारे पाणी उन्हाळ्यात मुळांना पुरविता येत नाही. त्यामुळे हिवाळा सरताना झाड पाने टाकून देते. ऐनाच्या मगरीच्या पाठीसारख्या भेगाळलेल्या सालीखाली ओलावा टिकतो, धावड्याचा पांढुरका बुंधा पर्णहीन रानात उठून दिसतो आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस पेटतो. त्यानंतर मोह फुलतो. मोहाची मांसल फुले रात्री व पहाटे गळतात आणि ती वेचण्यासाठी माणूस, अस्वल आणि चितळ असे तिघेही येतात. तेंदूची, म्हणजे टेंभुर्णीची, फळे पिकली की अस्वलाची आणखी सोय होते.

आगीचे दिवसही हेच. सागाचा पाचोळा जाड आणि कोरडा असतो. एक ठिणगी पुरते. झाडाखालची जमीन साफ करून मोहफुले दिसावीत म्हणून पाचोळा पेटविण्याची जुनी सवय अनेक वनप्रदेशांत आढळते आणि ती आग नेहमीच आवरता येते असे नाही. वन विभाग उन्हाळ्यापूर्वी ठराविक पट्ट्यांतील गवत व पाचोळा जाळून जाळरेषा तयार करतो. आगीत मोठा साग सहसा मरत नाही. मरते ती रोपट्यांची पुढची पिढी. म्हणूनच वरवर सुदृढ दिसणाऱ्या जंगलातही मधल्या वयाची झाडे कमी असणे हे काळजीचे लक्षण समजावे.

पहिल्या पावसानंतर पंधरवड्यात हे रान ओळखू येत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये सागाला पांढरट फुलांचे तुरे येतात. पाठोपाठ एका पतंगाच्या अळ्या सागाच्या पानांवर तुटून पडतात आणि शिरा तेवढ्या शिल्लक ठेवून बाकीचे पान फस्त करतात. ऐन हिरवाईत करड्या, जाळीदार पानांची झाडे पाहून रोग पडल्याची शंका येते. पण सागवानात हे जवळपास दरवर्षी घडते, झाडे त्यातून सावरतात आणि त्या अळ्यांवर पक्ष्यांची पिल्ले पोसली जातात.

बिबट्या, अस्वल, तडस, कोल्हा, चितळ, सांबर, रोही, रानडुक्कर, मोर हे येथील नेहमीचे रहिवासी. त्यात चौसिंग्याचा उल्लेख स्वतंत्रपणे करावयास हवा. चार शिंगांचे हे लाजरे हरीण कळपाने राहत नाही आणि त्याला वरचेवर पाणी प्यावे लागते. चिंकारा पाण्यावाचून बराच काळ काढू शकतो. चौसिंग्याला ते जमत नाही. साहजिकच एप्रिल-मेमध्ये कोणत्या नाल्यात डोह शिल्लक आहे, यावर चौसिंग्याचा ठावठिकाणा ठरतो.

धरणाखालचे जंगल

अभयारण्याला तीन बाजूंनी नदीचा वेढा असला, तरी त्या नदीत पाणी असेलच याची हमी नाही. वरच्या अंगाला हिंगोली आणि यवतमाळ जिल्ह्यांच्या सीमेवर इसापूर येथे ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्पाचे मातीचे धरण आहे. ९६४ दशलक्ष घनमीटर उपयुक्त साठ्याच्या या जलाशयाने हिंगोली, नांदेड आणि यवतमाळ जिल्ह्यांतील शेती भिजविली, यात वाद नाही. जलाशयावर हिवाळ्यात पाणपक्षी येऊ लागले आणि २०१४ मध्ये या परिसराला इसापूर अभयारण्य म्हणून संरक्षणही मिळाले. नव्या पाण्याभोवती एक अभयारण्य निर्माण झाले. त्याच पाण्याच्या अडवणुकीमुळे खालचे जुने अभयारण्य मात्र उन्हाळ्यात कोरडे पडते. सरकारी कागदपत्रांत ही दोन स्वतंत्र प्रकरणे असली, तरी नदी एकच आहे.

धरणाखाली पैनगंगेचे पात्र उन्हाळ्यात आटते. पावसाळ्यात हजारो पर्यटकांना खेचणारा सहस्रकुंडचा धबधबा त्या दिवसांत उघड्या खडकांचा पट्टा बनतो. उमरखेड, हदगाव, हिमायतनगर, किनवट भागातील नदीकाठची गावे इसापूरचे पाणी पात्रात सोडण्याची मागणी करतात, त्यासाठी आंदोलनेही झाली आहेत. पाणी सोडले जाते ते माणसांच्या आणि जनावरांच्या पिण्यासाठी. त्याचा लाभ वन्यजीवांना ओघानेच मिळतो. जंगलासाठी म्हणून नदीत किती पाणी राहावे, हा प्रश्न या मागण्यांमध्ये सहसा येत नाही. वन विभाग टँकरने कृत्रिम पाणवठे भरू शकतो, पण पाणवठा म्हणजे नदी नव्हे. वाहत्या पात्रात मासे, बेडूक, काठची ओली झाडी आणि त्यांच्यावर जगणारे सारे काही असते. सिमेंटच्या टाक्यात तहान भागते, एवढेच.

येथे कयाधूचे महत्त्व लक्षात येते. ती इसापूर धरणाच्या खाली पैनगंगेला मिळते. म्हणजे मुख्य नदीचे पाणी धरणात अडले असताना खालच्या पात्रात येणाऱ्या प्रवाहात कयाधूचा वाटा मोठा ठरतो. या नदीवर सापळी येथे धरण बांधण्याचा प्रस्ताव अनेक वर्षे गाजला. पुढे हिंगोलीजवळच्या खरबी येथून तिचे पाणी इसापूरकडे वळविण्याच्या योजनेलाही जिल्ह्यातून विरोध झाला. (हे खरबी आणि अभयारण्यातील खरबी ही दोन वेगळी गावे होत.) वाद हिंगोलीच्या हक्काच्या पाण्याचा आणि नांदेडच्या सिंचनाचा म्हणून मांडला गेला व ते स्वाभाविकही आहे. मात्र, खाली आणखी एक वाटेकरी आहे आणि तो निवेदन घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयात येऊ शकत नाही.

बंदीभागातील माणसे

उमरखेड तालुक्यातील अभयारण्याच्या आतल्या आणि भोवतालच्या गावांना 'बंदीभाग' म्हणतात. आंध, गोंड, कोलाम, बंजारा समाजाची येथे वस्ती आहे. संरक्षित क्षेत्राचे नियम लागू झाले की सर्वांत आधी बदलते ते या लोकांचे जगणे. चराई, सरपण, तेंदूपत्ता, डिंक, मोह हे घरखर्चाचे आधार होते. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २००० मध्ये राष्ट्रीय उद्याने व अभयारण्यांतून वाळलेली झाडे आणि गवतसुद्धा काढण्यास मनाई केली. २००६च्या वनहक्क कायद्याने जंगलावर पिढ्यान् पिढ्या अवलंबून असलेल्यांचे हक्क मान्य केले, ते अभयारण्यांनाही लागू आहेत. तरीही रस्ता दुरुस्त करायचा, विजेची तार ओढायची, तरी वन विभागाच्या परवानगीची वाट पाहावी लागते. रानडुकरे व रोही पिकात शिरतात ते वेगळेच. जंगल राखण्याची किंमत शहरातील वाचक भरत नाही, ती येथे भरली जाते. हे मान्य केल्याखेरीज संरक्षणाची चर्चा एकांगी होते.

वाघाची वाट हिंगोलीतून

पैनगंगा अभयारण्याच्या ईशान्येला, पांढरकवडा व घाटंजी परिसरात टिपेश्वर अभयारण्य आहे. १४८.६३ चौरस किलोमीटरचे, १९९७ मध्ये जाहीर झालेले हे लहानसे जंगल वाघांसाठी इतके अनुकूल ठरले की तेथे जागा अपुरी पडू लागली. वयात आलेल्या नर वाघाला स्वतःचे क्षेत्र हवे असते. बापाच्या क्षेत्रात त्याला थारा नसतो. २०१६च्या अखेरीस टिपेश्वरमधील टी-१ वाघिणीला झालेल्या बछड्यांपैकी एकाला २०१९ मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेच्या संशोधकांनी रेडिओ कॉलर बसविली. टी-१ सी-१ हे त्याचे नाव. (२ नोव्हेंबर २०१८ रोजी ठार करण्यात आलेली 'अवनी' हिलाही टी-१ म्हणत, ती वाघीण वेगळी.) जून २०१९ मध्ये तो घराबाहेर पडला.

पुढच्या काही महिन्यांत या वाघाने तेलंगणाचा सीमाभाग, पैनगंगा अभयारण्य, नांदेड, हिंगोली, वाशीम असा वेडावाकडा प्रवास केला आणि डिसेंबर २०१९ मध्ये तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. तोपर्यंत त्याचे चालणे १,३०० किलोमीटरपेक्षा अधिक झाले होते. एप्रिल २०२० मध्ये कॉलर काढण्यात आली तेव्हा हा आकडा सुमारे ३,००० किलोमीटरवर गेला होता. 'वॉकर' या नावाने जगभर त्याची बातमी झाली. एवढ्या प्रवासात माणसाशी प्रत्यक्ष संघर्षाचा प्रसंग एकच आणि तो हिंगोली जिल्ह्यातला. वाघ झुडपांत विसावला असताना काही जण तेथे शिरले आणि त्यांच्यातील एक जण जखमी झाला. बाकी शेकडो गावांच्या शिवारांतून तो रात्री चालला, दिवसा नाल्यांत दडला आणि बहुतेकांना त्याची चाहूलही लागली नाही.

हिंगोलीत सलग जंगल जवळपास नाही. मग वाघ चालला कशाच्या आडोशाने? नद्या, ओढे आणि त्यांच्या काठची झाडी हा पहिला आधार. दुसरा आधार पिकांचा. पावसाळ्यापासून डिसेंबरपर्यंत तूर, कापूस, हळद यांनी शिवार भरलेले असते. जंगल नसले तरी हंगामापुरता लपण्याजोगा आडोसा मिळतो. पिके निघाली की उरतो तो ओढ्याकाठचा पट्टा. बांधापर्यंत नांगरट, काठावरच्या झाडांची तोड आणि वाळूचा उपसा यांनी हा पट्टा अरुंद होत चालला आहे. नकाशावर त्याला कोणतेही संरक्षण नाही. वाघाच्या दृष्टीने दोन अभयारण्यांमधला पूल तोच आहे.

'वॉकर' हा अपवाद असता तर ही चर्चा कुतूहलापुरती राहिली असती. परंतु मार्च २०२१ मध्ये टिपेश्वर परिसरातलाच दुसरा वाघ छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील गौताळा अभयारण्यात कॅमेऱ्याने टिपला. डिसेंबर २०२४ मध्ये धाराशिव जिल्ह्यातील येडशी-रामलिंग घाट अभयारण्यात वाघ दिसला आणि अंगावरील पट्ट्यांच्या जुळणीतून तोही टिपेश्वरचाच असल्याचे निष्पन्न झाले. येडशी व बार्शी परिसरात त्याने गुरे मारल्याने त्याला जेरबंद करून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात नेण्याचे ठरले. त्यासाठी जानेवारी २०२५ मध्ये बचाव पथके कामाला लागली, तेव्हा हा वाघ कित्येक दिवस त्यांना हुलकावणी देत राहिला.