आमच्या गावचे वाचनालय



आपल्या गावात ग्रामपंचायतीच्या कचेरीला लागून सार्वजनिक वाचनालय आहे. खोली एकच. चार कपाटे, एक लांब टेबल आणि दोन बाकडी. संध्याकाळी पाच ते आठ ते उघडे असते. मी दर शनिवारी जाते. तिथले काम कसे चालते, ते सांगते.

टेबलावर रोजची वर्तमानपत्रे असतात. ती वाचायला पैसे पडत नाहीत. कुणीही यावे, बसावे, वाचावे. पुस्तक घरी न्यायचे तर मात्र सभासद व्हावे लागते. थोडी अनामत आणि महिन्याची वर्गणी भरायची. मुलांच्या अर्जावर पालकांची सही लागते. नाव काढले की अनामत परत मिळते.

मग कपाटापुढे उभे राहायचे. खरी गंमत इथेच! दुकानात पुस्तक चाळत बसलो तर दुकानदार विचारतो, "घ्यायचंय का?" इथे तसे कुणी विचारत नाही. दहा पुस्तके चाळा आणि अकरावे घ्या. मी गेले भुताच्या गोष्टी शोधायला आणि घरी आणले पक्ष्यांचे पुस्तक. तेव्हापासून विहिरीवरचा खंड्या मला ओळखू येतो.

ग्रंथपालकाका नोंदवहीत पुस्तकाचा क्रमांक, आपले नाव आणि तारीख लिहितात. पुस्तकात मागे एक चिठ्ठी चिकटवलेली असते, तिच्यावर परतीच्या तारखेचा शिक्का मारतात. काही चिठ्ठ्या शिक्क्यांनी भरून गेल्यात. काहींवर शेवटचा शिक्का २००९ सालचा, म्हणजे माझ्या जन्माआधीचा! अशी पुस्तके कसर खाते.

डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. त्यांतला पहिला नियम असा, की ग्रंथ वापरण्यासाठी असतात. त्यांचा जन्मदिवस १२ ऑगस्ट हा ग्रंथपाल दिन म्हणून पाळतात.

आपल्या राज्यात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला. सरकार मान्यता असलेल्या वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग पाडून त्यांना अनुदान देते. आपले वाचनालय 'ड' वर्गात आहे. तो पैसा सर्वांचा, म्हणून पुस्तकेही सर्वांचीच.

पण सर्व जण येतात कुठे? आजोबामंडळी येतात, मुलगे येतात. मुली मला धरून तिघीच. बाकीच्या म्हणतात, "घरचे नको म्हणतात." पालकहो, वाचनालय ही काही पुरुषांची चावडी नव्हे. माझी आई अजून तिथे आलेली नाही. माझ्या नावावर मीच तिला पुस्तक आणून देते. भांडी आवरली की ती वाचत बसते. परवा म्हणाली, "याचा पुढचा भाग मिळतो का बघ गं."

तेव्हा पालकांनो, आज शाळेत आलाच आहात, तर जाताना वाचनालयातून अर्ज घेऊन जा. मुलाचा भरा, तसा मुलीचाही भरा. आणि आईसाठी एक जास्तीचा मागून घ्या.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ७ वी