हरणाची मांडी आणि ४० अंश

पांढऱ्या शेपटीच्या हरणाचे अंग जिवंतपणी साधारण ३८ ते ३९ अंश सेल्सिअस उष्ण असते. गोळी लागून ते कोसळले तरी ही ऊब तासन्‌तास टिकते. हिवाळी केस आतून पोकळ असतात. बर्फात रात्र काढण्यासाठी लाभलेले हे पांघरूण मेल्यानंतरही उष्णता धरून ठेवते. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन, मिशिगन, मिनेसोटा या राज्यांत नोव्हेंबरमध्ये बंदुकीच्या शिकारीचा हंगाम असतो. तेव्हा शिकारी तळांबाहेर आडव्या खांबांना आख्खी हरणे टांगलेली दिसतात. हे टांगणे सुरक्षित ठरवणारा आकडा तिथे सगळ्यांना पाठ असतो: ४० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ४ अंश सेल्सिअस.

४० अंशांच्या खाली बहुतेक घातक जिवाणूंची वाढ मंदावते. ४० ते १४० अंश फॅरनहाइट हा धोक्याचा पट्टा. त्यातल्या ऊबदार भागात काही जिवाणू वीसेक मिनिटांत दुप्पट होऊ शकतात. म्हणून टांगण्याआधीचे काम तातडीचे असते. पोट फाडून आतडी काढायची, छाती काठीने उघडी धरायची, हवा उबदार असेल तर पोकळीत बर्फाच्या पिशव्या ठेवायच्या. गोळीने आतडे फुटले असेल, तर विष्ठेतले जिवाणू मांसावर पसरलेले असतात. असा भाग सढळ हाताने कापून टाकावा आणि ते हरीण मुरण्यासाठी, म्हणजे मांस मऊ होण्यासाठी, टांगूच नये.

बरगड्या आणि खांदे लवकर गार होतात. मागची मांडी मात्र शेवटपर्यंत गरम राहते. तिथे मांसाचा थर सर्वांत जाड असतो, आणि नासणे सुरू होते ते आत, हाडालगत. वरून मांडी लालभडक, कोरडी, निरोगी दिसते. हाडापर्यंत सुरी गेली की आंबूस दर्प येतो. भिंतीवरचा तापमापक हवेचे तापमान सांगतो, मांडीच्या आतले नाही. सळईचा तापमापक मांडीत हाडाजवळ खुपसून तिथला आकडा ४० च्या खाली आला का, हे पाहिल्याशिवाय टांगलेले हरीण सुरक्षित म्हणता येत नाही. साधारण एका दिवसात तो तिथवर उतरायला हवा.

अतिथंडीही बाधते. प्राणी मेल्यावर काही तासांत स्नायू ताठरतात. त्याआधीच मांस सुमारे १० अंश सेल्सिअसच्या खाली गेले, तर तंतू आखडतात आणि शिजवूनही चिवट राहतात. उणे २ अंशांच्या आसपास मांस गोठू लागते, मग मुरणे जवळपास थांबते. दिवसा वितळणे आणि रात्री गोठणे असे चालू राहिले, तर रस गळून पोत बिघडतो.

महाराष्ट्रात बोकड सकाळी कापून दुपारी शिजतो, म्हणून मांस दिवसचे दिवस टांगून ठेवण्याची रीत इथल्या वाचकाला परकी वाटेल. (हरणाची शिकार तर भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे.) अमेरिकेत टांगण्याचा हेतू असतो मांस मऊ करण्याचा. ताठरपणा उतरला की स्नायूंतली विकरे तंतूंची बांधणी हळूहळू सैल करतात. १ ते ३ अंश सेल्सिअसला तीन-चार दिवसांपासून आठवड्यापर्यंतचा काळ पुरतो. कोवळ्या हरणाला एवढाही नको, आणि खिम्याला जाणारे मांस मुरवण्यात काहीच हशील नाही. कातडी ठेवावी की काढावी, हा जुना वाद. कातडीने मांस सुकत नाही, पण उष्णता कोंडते. हवा ४० अंश फॅरनहाइटच्या आसपास असेल तर सोलणेच बरे.

शीतगृहात तापमान स्थिर असते. बाहेरच्या नोव्हेंबरला तसा भरवसा नाही. पहाटे दहिवर गोठलेले असते, दुपारी उन्हात पारा ५० अंश फॅरनहाइट ओलांडतो, आणि ढगाळ रात्री तो खाली उतरतच नाही. टांगायचेच तर सावलीत, घराच्या उत्तरेला, वारा लागेल पण पाऊस लागणार नाही अशा जागी. दुपारचा सर्वांत उबदार तासही ४० च्या खालीच राहायला हवा. दिवस-रात्रीची सरासरी काढून मनाचे समाधान करून घेऊ नये, कारण दुपारी वाढलेले जिवाणू रात्रीच्या गारठ्याने मरत नाहीत. खांबावर टांगलेल्या हरणाचे शिकाऱ्याला अप्रूप असते, शेजारी बघायला येतात. त्या कौतुकापायी एक जीव मारून त्याचे मांस कुजवणे मात्र अक्षम्य आहे.

हवा उबदार असेल तर हरीण त्याच दिवशी सोलून, तुकडे करून बर्फाच्या पेटीत ठेवावे. पेटीची तोटी उघडी असावी, नाहीतर मांस वितळलेल्या पाण्यात भिजते. बुळबुळीत थर, हिरवट झाक किंवा हाडाजवळ आंबूस वास आला तर तो भाग फेकावा. मसाल्यात घोळवून तो वाचत नाही.

विस्कॉन्सिनमध्ये २००२ साली हरणांचा क्षयकारक मेंदूरोग आढळला. तेव्हापासून तिथे अनेक शिकारी हरणाचे नमुने तपासायला देतात. अहवालाला वेळ लागतो, तोवर हरीण टांगून ठेवणे चुकीचे. मांस कापून, खुणेच्या पिशव्यांत गोठवून ठेवावे. रोग आढळला तर ते खाऊ नये, असा अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य संस्थेचा सल्ला आहे. या रोगाला कारण असलेली प्रायॉन ही विकृत प्रथिने शिजवून नष्ट होत नाहीत, आणि गोठवूनही नाहीत.