थिन क्लायंटचा दुसरा संसार

ज्या संगणकाला स्वतःचे काम स्वतः करण्याइतकी स्मृती आणि साठवण मुद्दामच दिलेली नसते, जो दूरच्या सर्व्हरवर चाललेल्या कामाचे चित्र आपल्या पडद्यावर दाखवतो आणि कळफलकाच्या व माउसच्या हालचाली त्या सर्व्हरकडे पोहोचवतो, त्याला थिन क्लायंट म्हणतात. बँकांच्या शाखा, विमा कंपन्या, कॉल सेंटरे आणि रुग्णालयांचे नोंदणी कक्ष येथे मॉनिटरच्या पाठीमागे अडकवलेला जो लहानसा डबा दिसतो तो बहुधा हाच असतो. त्यात पंखा नसतो, फिरणारी हार्डडिस्क नसते आणि त्यामुळे बिघडण्यासारखेही फारसे काही नसते. तरीही पाच-सात वर्षांत तो कार्यालयातून बाहेर पडतो, कारण सर्व्हरवरील आज्ञावली बदलते, सुरक्षेचे नवे नियम येतात आणि निर्माता जुन्या प्रारूपासाठी सुधारणा देणे थांबवतो. धडधाकट असूनही निवृत्त झालेल्या अशा यंत्रावर लिनक्स बसवून त्याला स्वतंत्र संगणक म्हणून पुन्हा कामाला लावता येते का, आणि येत असेल तर ते मोखाड्यासारख्या तालुक्याच्या कितपत उपयोगी पडते, हा या परिचयाचा विषय आहे.

मोखाडा तालुका १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत ठाणे जिल्ह्यात होता. जव्हारपासून त्र्यंबकेश्वरकडे जाणाऱ्या डोंगराळ पट्ट्यात तो पसरलेला असून वारली, कोकणा, कातकरी, ठाकूर आणि महादेव कोळी समाजांच्या वस्त्या दऱ्याखोऱ्यांतून विखुरलेल्या आहेत. त्यांची मुले जिल्हा परिषदेच्या शाळांत आणि आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळांत शिकतात. अशा ठिकाणी संगणक पोहोचवणे जितके अवघड, तितकेच तो चालू ठेवणे अवघड असते, कारण पावसाळ्यात हवेत ओल असते, वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो आणि दुरुस्तीसाठी यंत्र घेऊन नाशिक किंवा ठाणे गाठावे लागले तर त्यात एका माणसाचा पूर्ण दिवस जातो. त्यामुळे येथे यंत्राचे मोल त्याच्या वेगावरून ठरत नाही, ते किती कमी विजेवर आणि किती कमी देखभालीवर टिकते यावरून ठरते.

या कसोटीवर आर्म प्रकारचा प्रोसेसर उजवा ठरतो. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीत सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी आखलेली या प्रोसेसरची पहिली चिप एप्रिल १९८५ मध्ये तयार होऊन आली. तिच्या चाचणीत मुख्य वीजजोडणी लागलेली नसतानाही, इतर तारांतून झिरपणाऱ्या प्रवाहावरच ती चालत असल्याचे आढळले, असे तिचे निर्माते सांगत आले आहेत. आज जवळजवळ प्रत्येक मोबाइल फोनमध्ये याच घराण्याची चिप असते. आर्म चिपवरील थिन क्लायंटला साधारणपणे दहा वॅटच्या आसपास किंवा त्याहून कमी वीज लागते. त्यात छोट्या एलईडी मॉनिटरचे वीस वॅट मिळवले तर एका बैठकीचा खर्च तीस वॅट होतो, तर जुन्या डेस्कटॉप संगणकाला मॉनिटरसह शंभर वॅट सहज लागतात. बारा व्होल्ट, शंभर अँपिअर-तासाच्या बॅटरीत बाराशे वॅट-तास वीज मावते आणि बॅटरी टिकावी म्हणून तिच्यातली निम्मीच वापरायची ठरवली, तर तिच्यावर पाच डेस्कटॉप तास-सव्वा तास चालतील आणि पाच थिन क्लायंट चार तास चालतील. शिवाय हे यंत्र अडॅप्टरमधून येणाऱ्या एकदिश प्रवाहावरच चालत असल्याने, योग्य व्होल्टेज देणारा परिवर्तक लावला तर सौर पॅनेलच्या बॅटरीवरून ते इन्व्हर्टरशिवायही चालवता येते.

येथपर्यंतचा हिशेब यंत्राच्या बाजूचा आहे. अडचण सुरू होते ती लिनक्स बसवताना, आणि ती समजण्यासाठी साध्या पीसीत आणि आर्म यंत्रात असलेला एक मूलभूत फरक ध्यानात घ्यावा लागतो. पीसी सुरू होताच बायोस किंवा यूईएफआय नावाची आज्ञावली जागी होते, जोडलेली उपकरणे शोधते आणि त्यांची माहिती ठरलेल्या पद्धतीने कार्यप्रणालीच्या हाती देते. म्हणूनच एकच पेनड्राइव्ह शेकडो निरनिराळ्या पीसींवर चालतो. जुन्या आर्म यंत्रांत असा समान करार नव्हता. कोणत्या पत्त्यावर स्मृती आहे, कोणत्या टोकाला नेटवर्कची चिप जोडली आहे, कोणती तार दिवा लावते, हे प्रत्येक निर्मात्याने आपापल्या परीने ठरवले होते आणि ही माहिती कर्नेलमध्ये, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्यात, प्रत्येक यंत्रासाठी वेगळी लिहावी लागत होती. या पसाऱ्यावर लिनस टोरवाल्ड्स यांनी २०११ मध्ये उघड संताप व्यक्त केला, आणि त्यानंतर आर्मसाठी डिव्हाइस ट्री ही पद्धत झपाट्याने रुजली. डिव्हाइस ट्री म्हणजे यंत्रातील सर्व भागांचे व त्यांच्या पत्त्यांचे वर्णन करणारी एक छोटी स्वतंत्र फाइल; ती सुरुवातीला कर्नेलच्या हाती दिली की तोच कर्नेल अनेक यंत्रांवर चालू शकतो. डिसेंबर २०१२ मधील ३.७ या आवृत्तीपासून एका कर्नेलमध्ये अनेक आर्म मंच सामावण्याची सोय झाली. म्हणून जुना थिन क्लायंट हाती आल्यावर प्रोसेसरचा वेग विचारण्याआधी त्याची डिव्हाइस ट्री कर्नेलमध्ये आहे की नाही हे पाहावे.

दुसरी अट बूटलोडरची आहे. वीज मिळताच चिपमध्ये कायमची कोरलेली छोटी आज्ञावली जागी होते, ती ठरलेल्या जागेवरून पुढचा टप्पा उचलते, तो टप्पा मुख्य स्मृती चालू करून बूटलोडरला बोलावतो आणि बूटलोडर कर्नेल, डिव्हाइस ट्री व प्रारंभीची फाइलप्रणाली स्मृतीत भरून सूत्रे कर्नेलकडे सोपवतो. या साखळीतील एकही दुवा निर्मात्याच्या डिजिटल सहीने कुलूपबंद असला तर पुढे काही करता येत नाही. विंडोज ८ च्या काळात मायक्रोसॉफ्टने आपल्या प्रमाणपत्रासाठी आर्म यंत्रांवर हे कुलूप वापरकर्त्याला काढता येऊ नये अशी अटच घातली होती. त्याच वेळी पीसीसाठी मात्र ते काढण्याची मुभा ठेवलेली होती. एकाच कंपनीने एकाच वर्षी दोन प्रकारच्या ग्राहकांना दिलेली ही वागणूक पाहिली, म्हणजे कुलपाचे कारण निव्वळ सुरक्षा होते असे मानणे कठीण जाते.

कुलूप नसले म्हणजे काय साधते याचे महाराष्ट्रातील सर्वांत जवळचे उदाहरण थिन क्लायंटचे नसून आकाश टॅबलेटचे आहे. ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत सादर झालेला पहिला आकाश ३६६ मेगाहर्ट्झच्या चिपवर आणि २५६ मेगाबाइट स्मृतीवर चालणारा, आणि खरे तर निराशाजनक, टॅबलेट होता. पुढे हा प्रकल्प मुंबईच्या आयआयटीकडे आला आणि ११ नोव्हेंबर २०१२ रोजी सादर झालेल्या दुसऱ्या आकाशात एक गिगाहर्ट्झची चिप व ५१२ मेगाबाइट स्मृती होती. टॅबलेट बनवणाऱ्या कंपनीने त्यावर अँड्रॉइड दिले होते. आयआयटीच्या चमूने त्यासाठी अँड्रॉइडला हात न लावता मेमरी कार्डावरून चालणारे संपूर्ण ग्नू/लिनक्स तयार केले. हे शक्य झाले ते ऑलविनर कंपनीच्या ए-१३ या चिपच्या एका गुणामुळे: ही चिप अंतर्गत साठवणीकडे वळण्याआधी मेमरी कार्डाकडे पाहते, कार्डाच्या आरंभापासून आठ किलोबाइटवर बूटचा पहिला टप्पा सापडला तर तोच चालवते, आणि कार्ड काढून घेतले की यंत्र पूर्ववत अँड्रॉइडवर सुरू होते. विद्यार्थ्याच्या हातून कार्ड बिघडले तरी यंत्र बिघडत नाही, दुसरे कार्ड लिहून घेतले की झाले. शाळेच्या दृष्टीने यापेक्षा चांगली रचना सुचवणे अवघड आहे. आकाशवर टीका भरपूर झाली आणि तिच्यातली बरीचशी रास्त होती, परंतु हा भाग त्या टीकेत झाकला गेला.

थिन क्लायंटच्या जगात इतका मोकळेपणा क्वचित आढळतो, तरी दोन प्रारूपे नाव घेण्यासारखी आहेत. पहिले एचपीचे टी-५३२५, ज्यात मार्वेल कंपनीची किर्कवुड घराण्यातील १.२ गिगाहर्ट्झची चिप, ५१२ मेगाबाइट स्मृती आणि तितकीच फ्लॅश साठवण होती. त्यातील बूटलोडर यू-बूट या मुक्त प्रकल्पाचा होता आणि यंत्राची डिव्हाइस ट्री मुख्य कर्नेलमध्ये गेली, त्यामुळे डेबियन या लिनक्स वितरणाला त्यावर रीतसर जागा मिळाली. दुसरे डेलचे वायस ३०२०, ज्याचे सांकेतिक नाव एरियल आहे. त्यातील मार्वेलची दुहेरी गाभ्याची चिप मुलांसाठीच्या एक्सओ-४ या लॅपटॉपमध्येही वापरली गेली होती. त्या लॅपटॉपच्या आधीच्या आर्म आवृत्तीसाठी कर्नेलमध्ये काम करणारे ल्युबोमिर रिंटेल यांनीच पुढे २०२० च्या सुमारास एरियलचा आधारही मुख्य कर्नेलमध्ये नेला. या लॅपटॉपच्या मूळ आवृत्तीचा भारतातील पहिला प्रयोग २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यातल्या खैरात-धनगरवाडा या वस्तीच्या शाळेत झाला होता. ती आवृत्ती आर्मवर चालणारी नव्हती, परंतु कमी विजेवर आणि लिनक्सवर चालणारे यंत्र आदिवासी व धनगर वस्तीत नेण्याची कल्पना मोखाड्यापासून फार दूर नसलेल्या डोंगरपट्ट्यात इतक्या आधी तपासली गेली होती, याची आठवण महाराष्ट्रात फारशी कोणी ठेवलेली नाही.

प्रत्यक्ष कामात सर्वांत नाजूक टप्पा अनेकदा सिरियल कन्सोलचा असतो. पडद्यावर चित्र उमटण्यापूर्वी बूटलोडर जे काही सांगतो ते मदरबोर्डावरील तीन टोकांतून अक्षररूपाने बाहेर येते. एक टोक भूजोडणीचे, एक पाठवण्याचे आणि एक स्वीकारण्याचे. ही टोके लॅपटॉपच्या यूएसबीला जोडण्यासाठी टीटीएल अडॅप्टर नावाची स्वस्त तार मिळते, आणि जोडताना यंत्राचे पाठवण्याचे टोक तारेच्या स्वीकारण्याच्या टोकाला, म्हणजे उलटसुलट, लावावे लागते. चौथे, विजेचे टोक मोकळे ठेवायचे असते, कारण यंत्राला वीज त्याच्या स्वतःच्या अडॅप्टरकडून मिळते. ही टोके बहुधा ३.३ व्होल्टची असतात, म्हणून जुन्या मोडेमची आरएस-२३२ तार येथे थेट लावली तर तिच्या वाढीव व्होल्टेजने चिप जळण्याचा धोका असतो. वेग बहुधा ११५२०० बिट प्रति सेकंद इतका धरतात. जोडणी बरोबर असेल तर वीज देताच अक्षरांच्या ओळी धावू लागतात, आणि उलटगणती चालू असताना कळ दाबली की यू-बूट थांबून आज्ञेची वाट पाहतो.

यापुढचे काम तुलनेने सरळ आहे, पण मर्यादा लगेच जाणवतात. ५१२ मेगाबाइट स्मृतीवर आजचा ब्राउझर दोन-तीन संकेतस्थळांतच दमतो. जुन्या किर्कवुड चिपमध्ये दशांश गणितासाठी वेगळा भाग नसल्याने तिला डेबियनची आर्मेल ही शाखा लागते, आणि ऑगस्ट २०२५ मधील डेबियन १३ मध्ये या शाखेसाठी स्थापनेची सोय उरलेली नाही व तिचा कर्नेल केवळ काही रास्पबेरी पाय यंत्रांपुरता ठेवला आहे. मराठीचा प्रश्न मात्र सुटलेला आहे: लोहित किंवा नोटो यांसारखे मुक्त टंक आणि इन्स्क्रिप्ट कळफलक एका आज्ञेसरशी बसतात. 'दऱ्या' आणि 'दर्या' हे दोन शब्द टंकून पाहिले व त्यांतील र वेगवेगळा दिसला, म्हणजे अक्षरजुळणी ठीक चालते असे समजावे.

म्हणून अशा यंत्राला ब्राउझरचे काम न देता शाळेतील स्थानिक सर्व्हरचे काम देणे अधिक शहाणपणाचे आहे. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया किविक्स या मुक्त आज्ञावलीच्या साह्याने एका फाइलमध्ये साठवून वायफायवरून वर्गातील फोनांना व संगणकांना पुरवता येतो, आणि त्यासाठी इंटरनेट लागत नाही. इंटरनेट आणण्याचे प्रयत्नही या जिल्ह्यात झालेले आहेत; आयआयटी मुंबईच्या ग्राम मार्ग प्रकल्पाने दूरचित्रवाणीच्या रिकाम्या लहरींचा वापर करून पालघरमधील गावे जोडून पाहिली आणि २०१७ मध्ये मोझिलाच्या स्पर्धेत पहिले पारितोषिक मिळवले. परंतु जोडणी येईल तेव्हा येईल. शाळेच्या कपाटात ठेवलेले ज्ञान त्या दिवसाची वाट पाहत नाही. यंत्रे अनेक असतील तर एक बऱ्या ताकदीचा पीसी सर्व्हर म्हणून ठेवून, १९९९ मध्ये सुरू झालेल्या लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रकल्पाच्या पद्धतीने बाकीच्यांना त्याच्यावरून सुरू करता येते, अर्थात ज्यांचा बूटलोडर नेटवर्कवरून कर्नेल घेऊ देतो त्यांनाच.

निष्कर्ष थोडा कडू आहे. जुना थिन क्लायंट शाळेसाठी घ्यायचाच असेल आणि निवड करता येत असेल, तर इंटेल किंवा एएमडी चिपचा घ्यावा. त्याला वीज थोडी अधिक लागते, पण लिनक्स अर्ध्या तासात बसते आणि पुढची कित्येक वर्षे सुधारणा मिळत राहतात. आर्मचे यंत्र देणगीत आले तर त्याचे प्रारूप आधी कर्नेलच्या डिव्हाइस ट्रींच्या यादीत शोधावे, आणि ते तेथे नसेल तर वर्ष-दीड वर्ष झटापट करण्यापेक्षा ते ई-कचऱ्याच्या अधिकृत संकलकाकडे द्यावे. नवी खरेदी करणाऱ्या जिल्हा परिषदांनी आणि आदिवासी प्रकल्प कार्यालयांनी मात्र निविदेत एक अट घालावी: आधार संपताच बूटलोडरचे कुलूप काढण्याची किल्ली आणि यंत्राची डिव्हाइस ट्री निर्मात्याने खरेदीदाराच्या हाती दिली पाहिजे.